नळाचा दिवस

“मम्मी, उद्या नळ येणार आहे का?” अंथरुणात पडल्या पडल्या लेकीनं विचारलं. दुसरीतली पोर, तिला नळाशी काय करायचंय?

“का गं?”

“नळ आला की तू लय ओरडती.”

खोटं नव्हतं. सिल्लोडला आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. येतो त्या सकाळी पाइप ओढायचा, ड्रम भरायचे, तव्यावरची पोळी उलटायची, मधेच वेणी घालायची. आणि नेमका तेव्हाच धाकट्याचा एक मोजा सापडत नसतो. तेवढ्यात रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. माझा आवाज एकदा चढला की लेकरं रिक्षात बसेपर्यंत खाली यायचा नाही. रिक्षा वळल्यावर ओट्यावरचा अर्धा दुधाचा पेला दिसायचा आणि पोटात कालवायचं.

सगळा राग मी साडेसातच्या शाळेवर काढायची. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. जूनपासून आमचीही शाळा नऊची झाली. म्हटलं, सुटले एकदाची.

महिनाभरात माझं ओरडणं पुन्हा सुरू. मिळालेला दीड तास गेला कुठं?

गेला होता रात्रीत. पावसाळ्यात इकडं हिरव्या मिरचीचा हंगाम. ह्यांचं काम मिरचीच्या व्यापारात, गाड्या भरून घरी यायला दहा-साडेदहा. “सकाळी कुठं लवकर उठायचंय” म्हणत लेकरं टीव्हीपुढं पप्पांची वाट बघायची. झोपायला अकरा, सातला माझ्या हाका. शाळकरी लेकराला नऊ ते बारा तास झोप लागते म्हणतात. आमच्याकडं जेमतेम आठ भरत होती. सकाळ आदल्या रात्रीच नासत होती आणि मी मोजा शोधत बसले होते.

मग घरात वाटण्या झाल्या. लेकरं नऊला झोपणार. पप्पा रात्री भेटणार नाहीत, त्याबदली सकाळ पप्पांची: उठवणं, आंघोळ, रिक्षापर्यंत सोडणं. दप्तर रात्रीच दाराशी. मोजे बुटातच कोंबून ठेवायचे, ही सासूबाईंची युक्ती.

पहिल्याच दिवशी ह्यांनी धाकट्याचं तोंड धुतलं आणि त्यानं गल्ली डोक्यावर घेतली. दिवसभर मिरची हाताळलेले हात, रात्री साबणानं धुतले तरी आग उरलेलीच. तेव्हापासून हे रात्री आधी हाताला गोडं तेल चोळतात, मग साबण लावतात. तोंड मात्र लेक आपलं आपणच धुतो. शिकवायला मला वर्षभर जमलं नव्हतं, मिरचीनं एका सकाळी शिकवलं.

परवा नळ आला. ड्रम भरून वाहायला लागला, पोळी करपली, आणि मी ओरडलेच.

न्हाणीतून लेकीचा आवाज आला, “पप्पा, नळ आला वाटतं!”

बापलेक हसत सुटले. मीही हसले, आणि पळत जाऊन नळ बंद केला.