अक्वायाच्या दगडावरची नावं

वॉशिंग्टनहून दक्षिणेला निघालं की रस्त्याला गर्दी नसेल तर तासाभरात व्हर्जिनियातली स्टॅफर्ड काउंटी लागते. हमरस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नव्हती. लेकीनं गाडी बाजूच्या चढावर घेतली आणि जुन्या झाडांच्या सावलीत लाल विटांचं अक्वाया चर्च समोर उभं राहिलं. "आई, याच्यासाठी एवढा हट्ट?" ती म्हणाली खरी, पण उतरली माझ्या आधी.

चारही बाजू सारख्या असलेल्या क्रूसाच्या आकाराची ही इमारत. खिडक्यांच्या दोन ओळी. भिंतींचे कोपरे आणि दारांच्या चौकटी मात्र फिकट वालुकाश्माच्या. हा दगड इथल्याच अक्वाया खाडीकाठचा. पुढे 1791 मध्ये सरकारनं खाडीतलं एक बेटच खाणीसाठी विकत घेतलं आणि तिथला दगड व्हाइट हाउसला आणि कॅपिटॉलला गेला. दाराच्या चौकटीवर मी हात ठेवला. दगड उन्हानं तापलेला होता, आणि बोटांना बारीक वाळू लागली.

दक्षिणेच्या दारावरच्या लेखात दोन नावं आहेत: मॉर्निंग रिचर्ड्स हा ठेकेदार, विल्यम कोपीन हा गवंडी. या दोघांच्या वाट्याला हे चर्च दोनदा आलं. 1751 मध्ये काम सुरू झालं. 1755 च्या फेब्रुवारीत, इमारत जवळजवळ पुरी झालेली असताना, सुतारांनी रात्री रंध्याच्या भुश्शाजवळ विस्तव तसाच ठेवला आणि सगळं जळालं. उरलेल्या भिंतींना धरून 1757 मध्ये ते पुन्हा उभं केलं. आपल्या हातचं जळालेलं काम पुन्हा करायला घेताना कोपीनला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून हलेना.

आत शिरताच नजर जाते ती तीन मजली व्यासपीठाकडे. खाली उपासनेत उत्तरं म्हणणाऱ्या कारकुनाची जागा, मधे शास्त्रवाचनाची, आणि वर, लाकडी छताखाली, प्रवचनाची. समोरच्या गॅलरीच्या कठड्यावर पुन्हा नावं, या वेळी रंगवलेली: धर्मगुरू जॉन मनक्युअर आणि वेस्ट्रीचे, म्हणजे पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) पंचमंडळाचे सभासद. त्यात वकील जॉन मर्सर आहे, फिट्झह्यू घराण्यातले लोक आहेत. ओव्हरव्हार्टन पॅरिशचा कारभार हीच मंडळी पाहत. तेव्हा चर्च राजसत्तेचं होतं. सर्वांकडून पॅरिशचा कर घेतला जाई आणि तोही तंबाखूत. धर्मगुरूला कायद्यानं वर्षाला 16,000 पौंड तंबाखू मिळे. सव्वासात हजार किलो! ती तंबाखू लावली, खुडली, वाळवली ती मुख्यतः गुलामांनी. त्यातलं एकही नाव कठड्यावर नाही.

स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडशी नातं तुटलं, चर्च एपिस्कोपल झालं, कराचा आधार गेला. 1802 मध्ये व्हर्जिनियानं पॅरिशच्या जमिनीही विकायला काढल्या. कितीतरी खेड्यांतली चर्चं ओस पडली. अक्वायालाही वाईट दिवस आले, पण ते टिकलं.

इथली चांदीची प्रभुभोजनाची भांडी मनक्युअरच्या आधीचे धर्मगुरू अलेक्झांडर स्कॉट यांची देणगी आहे. त्यांवर साल आहे 1739. त्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या; आमच्या नाशकात नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यातलीच, असं लहानपणापासून ऐकत आले. ही भांडी मात्र लुटारूंच्या हाती लागली नाहीत. स्वातंत्र्ययुद्धात, 1812 च्या लढाईत आणि यादवी युद्धात अशी तीनदा ती जमिनीत पुरून ठेवली, असं इथे सांगतात. प्रत्येक वेळी कुणीतरी खड्डा खणला असेल आणि जागा ध्यानात ठेवली असेल. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटलं.

बाहेर येऊन कोपऱ्यांचे दगड पाहिले. 1862 च्या हिवाळ्यात फ्रेडरिक्सबर्गला हरलेली उत्तरेची फौज, लाखाहून जास्त माणसं, याच काउंटीत तळ देऊन होती. शिपायांनी मऊ दगडात नावं कोरली आहेत. काही पुसट, काही अजून वाचता येतात. देवाच्या भिंतीवर नाव कोरणं मला एरवी खपत नाही. पण यातले कितीजण घरी परत गेले असतील, हे मनात आलं आणि राग उरला नाही.

परतताना लेकीला म्हटलं, खाडीच्या मुखाशी जाऊ. अक्वाया लँडिंगला पोटोमॅकचं पाणी शांत होतं, दोन मुलं किनाऱ्यावर शिंपले वेचत होती. 1862 च्या वसंत-उन्हाळ्यात सुमारे दहा हजार गुलाम रॅपाहॅनॉक नदी ओलांडून उत्तरेच्या फौजेकडे आले, आणि बहुतेकजण याच धक्क्यावरून बोटीनं वॉशिंग्टनला गेले. त्यांतला जॉन वॉशिंग्टन लिहायला शिकलेला होता. पुढे त्यानं आपली कहाणी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली.

"म्हणजे एक नाव तरी राहिलं," लेक म्हणाली. मी चपला काढून पाण्यात उतरले.