दहावीनंतर थेट विद्यापीठात

आमच्या नेरडीगोंड्यात दहावीचा निकाल जवळ आला की घरोघरी एकच विषय: इंटरला कुठे घालायचं? निर्मल, आदिलाबाद की थेट हैदराबाद? माझी मुलगी यंदा दहावीला आहे, म्हणून हा प्रश्न आता आमच्याही घरात आलाय.

अमेरिकेत हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीचे ‘एपी’ विषय घेता येतात. ही सोय १९५५ पासूनची. परीक्षेत ५ पैकी ३ किंवा अधिक गुण मिळाले, तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात. तेवढा वेळ आणि फी वाचते.

आपल्याकडे याच्या जवळची वाट बासरला आहे. तिथलं ट्रिपल आयटी २००८ साली सुरू झालं. दहावीच्या गुणांवर प्रवेश, मग सहा वर्षं: दोन इंटरच्या तोडीची, चार बी.टेक.ची. यात वर्षं वाचत नाहीत. वाचतो तो कोचिंगचा खर्च आणि इंटरनंतरच्या प्रवेश परीक्षेचा धसका. शेतीवर चालणाऱ्या घराला हे लहान नाही.

पण एक फरक आहे. एपीला इतिहास घेतलेली मुलगी पुढे डॉक्टर व्हायला मोकळी असते. बासरला जाणाऱ्याने मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षीच इंजिनिअरिंग निवडलेलं असतं. माझ्या मुलीला गणिताइतकाच इतिहासही आवडतो. म्हणून अर्ज भरण्याआधी मी तिला गुण विचारणार नाही. सहा वर्षं काय शिकायला आवडेल, ते विचारणार आहे. मुलांनो, घरात कुणी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.