काट्याची साक्ष

आमच्या घरी लहानपणी ताप मोजण्याआधी थर्मामीटर झटकून पाहण्याची रीत होती. रोग्याइतकीच शंका यंत्रावरही घेतली जाई. मोटारीत मात्र समोरचा काटा लाल पट्ट्यात गेला, की भल्याभल्यांचा धीर सुटतो.

माझी गाडी वीस वर्षांची. डिझेलची, टर्बो बसवलेली. चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाटात तिच्या उष्णतेच्या काट्याने एकदम लाल रेषेवर उडी घेतली. मागे ऐंशी वर्षांची आई. "अहो, थांबवा आधी!" सौ. म्हणाली. थांबवली. ना वाफ, ना करपल्याचा वास. इंजिन पुरते निवल्यावर झाकण उघडले, तर पाणी काठोकाठ!

कऱ्हाडच्या मिस्त्रीने सारे ऐकून विचारले, "काका, चहाचं आधण तरी एका क्षणात उकळतं का? इंजिन खरंच तापलं तर काटा चढत जातो. उडी मारली, तर आधी वायर बघायची."

पाण्यात बुडालेल्या त्या बोटभर सेन्सरचे काम मोठे गमतीचे आहे. उष्णता वाढली, की त्याचा विद्युत्-विरोध घटतो. पुष्कळ गाड्यांत 20 अंशांना तो सुमारे 2500 ओहम, तर 80 अंशांना जेमतेम 300 ओहम भरतो. माझ्या गाडीत टर्बोच्या धगीने वायरचे वेष्टन तडकून तार लोखंडाला टेकत होती. विरोध संपला, की काटा लाल! तार तुटली असती, तर काटा थंड पडून राहिला असता. कित्येक गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि इंधन ठरवणाऱ्या संगणकाचा वेगळा. त्या दुसऱ्याची तार तुटली, तर संगणकाला कडाक्याची थंडी वाटते आणि तो भलतेच इंधन ओततो.

सेन्सरची परीक्षा घरच्या पातेल्यातही होते. पाणी तापवत जावे आणि थर्मामीटर व ओहममीटर शेजारी ठेवून आकडे लिहावेत. मात्र तापल्या इंजिनाचे झाकण कधी उघडू नये. दाबाखालचे ते पाणी शंभर अंशांपुढेही उकळलेले नसते आणि झाकण फिरताच अंगावर उसळते.

मिस्त्रीने वीतभर वायर बदलली, पण निघताना बजावले, "लाल काट्यापेक्षा गप्प काटा वाईट, काका. पाणी गळून गेलं, की सेन्सर कोरडा पडतो. इंजिन करपत असतं आणि काटा म्हणतो, सारं ठीक आहे."

तेव्हा साक्षीदारावर शंका जरूर घ्यावी. फक्त ती गाडी थांबवून घ्यावी.