पाच सेंटीमीटर पाणी

दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ श्वास सोडताना कण्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला ते ऐकवत नाही. ‘दुखतंय हो त्याला काहीतरी,’ ती सिस्टरना सांगते. पण ते दुखणं नसतं. कच्च्या फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या आतल्या ओलाव्याच्या ताणाने दर श्वासाला मिटू पाहतात. त्यांना उघडं ठेवणारा सर्फॅक्टंट पुरेसा साठायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तोवर बाळ घसा अर्धवट आवळून थोडी हवा आत अडवून धरतं; तेच ते कण्हणं. कोणी शिकवलं त्याला?

१९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की श्वासनळीत नळी घातली की कण्हणं थांबतं आणि रक्तातला ऑक्सिजनही उतरतो. मला या बाळांच्या उपचारातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच वाटतं. कण्हून बाळ जो दाब आत टिकवतं, तोच जॉर्ज ग्रेगरी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बाहेरून दिला. १९७१ मध्ये छापलेल्या त्यांच्या अनुभवात २० पैकी १६ बाळं वाचली. त्याआधी आठच वर्षं, १९६३ मध्ये, केनेडींचा मुलगा पॅट्रिक कच्च्या फुप्फुसाच्या याच आजाराने गेला होता, जेमतेम दीड दिवसाचा. बाप अमेरिकेचा अध्यक्ष होता, तरी!

माझ्या भाचीची लेक सातमाशी. तिलाही असाच दाब दिला होता. नाकात दोन मऊ नळ्या, आणि श्वास बाहेर नेणाऱ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवलेलं. टोक जितकं खोल, तितका फुप्फुसात दाब. बस्स, एवढंच. बाटली खदखदत राहायची, डाळीला उकळी आल्यासारखी. तो आवाज चालू असला की आम्हाला भूक लागायची. थांबला की सिस्टर धावत यायच्या: बाळाने तोंड उघडलेलं असायचं, नाहीतर नळी सरकलेली. नाकाचा नाजूक पडदा सोलवटू नये म्हणून त्या पुन्हापुन्हा वाकून बघत. ऑक्सिजनही मोजून, जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडतो. यंत्राची किंमत सगळे विचारतात, या वाकून बघण्याची कोणी विचारत नाही.

‘सातमाशी जगतं, आठमाशी नाही,’ असं म्हणत आजी स्वतःला धीर देत होती. डॉक्टरांनी हसून मान हलवली. आठव्या महिन्यातलं फुप्फुस जास्त पिकलेलं असतं, पण हे तिला त्या वेळी कोण सांगणार?

मग एके दुपारी सिस्टरनी बाळाला उचलून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं.

‘अगं बाई, नळीसकट?’

‘नळीसकट, आजी. आणि तुम्ही जरा मागे सरका, बाटलीला धक्का लागेल.’