लाल चर्चचा हरवलेला अंगरखा

फोंडाघाट उतरून खाली कोकणात आलात, की लालसर चिऱ्यांची घरं दिसू लागतात. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कडक! पण त्याच्या अंगाला असतात बारीक बारीक भोकं. पावसाचं पाणी त्यांतून आत मुरतं. म्हणून तर पूर्वी जांभ्याच्या मोठ्या इमारतींना चुन्याचा गिलावा करत.

आता कणकवलीहून मुंबई-गोवा महामार्गानं दक्षिणेला निघू या. थेट जुन्या गोव्यात! तिथं याच जांभ्याचं एक प्रसिद्ध चर्च आहे, बॉम जीझस बॅसिलिका. बांधकाम सुरू झालं १५९४ साली, आणि १६०५ साली ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथंच चांदीच्या पेटीत ठेवले आहेत.

चर्चसमोर उभं राहून जरा रस्त्यापलीकडे पाहा. तिथलं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, आणि हे मात्र लालभडक! असं का बरं?

गंमत म्हणजे, हे चर्चही एके काळी पांढरंच होतं. जुन्या छायाचित्रांत त्याचा गिलावा दिसतो. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, बाल्ताझार कास्त्रो नावाच्या वास्तुतज्ज्ञानं तो काढायला लावला. दगड उघडा पडला, की इमारत अधिक प्राचीन दिसेल, अशी कल्पना! हेतू दुरुस्तीचाच होता. पण चर्चचा रेनकोटच गेला ना! तेव्हापासून दर पावसाळ्यात उघडा जांभा भिजतो, झिजतो.

२०२० साली तिथल्या धर्मगुरूंनी जाहीर मागणी केली, की गिलावा पुन्हा करा. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना वाटतं, लाल रंग हीच आता या चर्चची ओळख आहे. बरं, गिलावा करायचाच, तर सिमेंट चालणार नाही. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. चुना मात्र भिंतीला श्वास घेऊ देतो.

आपल्या डोळ्यांना सवयीचं झालेलं रूप जपायचं, की भिंत जपायची? मला विचाराल तर भिंत! भिंत टिकली, तरच तुमची नातवंडं ते चर्च बघतील. तुम्हांला काय वाटतं? येत्या पावसात एखादी उघडी चिऱ्याची भिंत हात लावून पाहा, आणि मग ठरवा.