एका पापडाची कैफियत

गेल्या माघात आमची सून ओसाकाहून पंधरा दिवसांच्या सुटीवर वर्ध्यास आली असता, नागपुराहून बर्फाच्या पेटीत घालून आणलेला माशाचा एक नारिंगी तुकडा तिने आमच्या ओट्यावर ठेवला आणि "बाबा, आज साके करते," असे ती सहज म्हणाली, तेव्हा दारूबंदीच्या जिल्ह्यात हयात घालवलेला निवृत्त शिक्षक या नात्याने मी प्रथम स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. जपानी भाषेत सामन माशाचे नाव आणि तांदळाच्या मद्याचे नाव कानाला जवळजवळ एकच लागते, हा खुलासा तिने हसत हसत केला. परंतु माशाचा उग्रपणा घालवण्यासाठी त्या मद्याचे दोन चमचे तिकडे खरोखरच वापरतात, हेही तिने प्रांजळपणे कबूल केले, आणि आमच्या मुलखात तो ऐवज जप्तीस पात्र असल्यामुळे अखेर आल्याच्या रसावर तडजोड झाली.

मांस तिने बाजूस काढून ठेवले. तिला हवी होती ती कातडी. सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खरवडून उरलेसुरले खवले तिने काढले, कातडी फडक्याने टिपली, मीठ लावून पाव तास ठेवली आणि सुटलेले पाणी पुन्हा टिपून ती थंड तव्यावरच पसरली. उष्णता लागताच कातडीतील कोलाजेनचे तंतू आखडतात आणि ती वाळल्या पानासारखी वळू लागते, म्हणून पहिले काही क्षण तिला उलथन्याने तव्याशी दाबून धरावे लागते. पुढे तिच्याखालची चरबी वितळते आणि ती स्वतःच्याच तेलात मंद आचेवर तळली जाते. तडतड ओसरली की आतले पाणी सरले. मग तिने कात्रीने तिच्या बारीक पट्ट्या केल्या आणि काकडी, मुळ्याचे काप व पालकाची कोवळी पाने यांवर सोयाचा काळा रस, तिळाचे तेल आणि लिंबू घालून अगदी वाढण्याच्या क्षणी त्या वर पसरल्या. आमच्या शेताच्या बांधापर्यंत सोयाबीन येऊन भिडलेले असताना त्याचा रस मात्र ओसाकाहून बाटलीत यावा, याचे मला किंचित वैषम्य वाटले.

"पापडासारखीच लागते की नाही, बाबा?"

तिच्या या निरागस प्रश्नाने माझा घास तोंडातच थांबला. कारण माशाच्या कातडीला पापड म्हणण्याचा गुन्हा मी १९५७ च्या उन्हाळ्यातच करून चुकलो होतो.

तेव्हा आम्ही पवनारला राहत होतो. धाम नदी आटून तिचे डोह तेवढे उरले होते, आणि त्यांपैकी एका डोहाच्या काठी ढीवरांच्या झोपडीपुढे एक मावशी मरळी सोलीत बसलेली असे. मांस बाजारासाठी होते, कातडी घरची. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी तवा, त्यावर जवसाच्या तेलाचा हात, मीठ आणि तिखट, आणि तव्यावर कुरकुरत आक्रसणारी ती काळसर पट्टी. "घे ना बाबू, ह्याच्यात काटा नाही," एवढेच ती म्हणाली. त्या काठावरच्या लोकांशी बोलावे, परंतु त्यांच्या हातचे खाऊ नये, असा लेखी नसलेला दस्तुर गावात होता, आणि अस्पृश्यतेविरुद्ध शाळेत तळमळीने बोलणाऱ्या माझ्या वडिलांच्या घरीही मासळीपुरते त्या दस्तुराला अभय होते.

आमच्या घरी जपान म्हणजे मासळी नव्हे, जपान म्हणजे डफ. निचिदात्सु फुजी हे बौद्ध भिक्षू १९३३ साली वर्ध्यास गांधीजींना भेटले, गांधीजी त्यांना गुरुजी म्हणू लागले, त्यांच्या परंपरेतील भिक्षू पुढे सेवाग्रामात येऊन राहिले आणि हातडफावर म्हटला जाणारा त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत जाऊन बसला. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरताच सरकारने आश्रमातील जपानी साधूला पकडून नेले. मंत्र मात्र राहिला. वडील त्या हातडफाच्या ठेक्याविषयी इतक्या भक्तीने बोलत की जपानी माणूस काही खातो, ही शंकासुद्धा मला बालपणी कधी शिवली नाही. स्वयंपाकघरातील त्या तडतडीत मला तो न ऐकलेला डफ ऐकू आला असे लिहिण्याचा मोह होतो. पण तसे झाले नाही, मला फक्त जवसाचे तेल आठवले.

मासळीची कातडी सोलून तिला सभ्य करणाऱ्या उपाहारगृहांविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. पांढऱ्या, बोडक्या, लाजाळू अशा त्या तुकड्यांना नदी ठाऊक नसते. होक्काइदोचे ऐनू लोक याच सामन माशाच्या कातडीची पादत्राणे शिवीत, असे सुनेने सांगितले तेव्हा मला वडिलांच्या वहाणा आठवल्या. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलेल्या चर्मालयात नैसर्गिक मरणाने मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई, आणि हत्येचा स्पर्श नसलेल्या त्या वहाणांखेरीज वडील दुसऱ्या कशात पाय घालीत नसत. पायापुरता कातड्याचा एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या त्या गृहस्थासमोर मी उभा होतो आणि माझ्या चड्डीच्या खिशात मरळीची कातडी होती.

कारण मावशीने दिलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक मी धाकट्या बहिणीसाठी राखून ठेवली होती. ऊन, घाम आणि तीन फर्लांगांची धाव यांत ती मऊ, चिवट, दुर्गंधी होऊन गेली. वडिलांनी खिशाकडे बोट दाखवले. मी म्हणालो, "पापड."

त्यांनी ती पट्टी दोन बोटांनी बाहेर काढली, कंदिलापुढे धरली आणि बराच वेळ पाहिली. मला मार बसला नाही, उपदेशही झाला नाही. एका जुन्या वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आणि "सकाळी पाहू," असे म्हणून ते सूतकताईस बसले. ती रात्र मी फैसल्याच्या धास्तीने जागून काढली.

सकाळी फळीवर कागद होता, नीट घडी केलेला. आत काही नव्हते. आमच्याकडे मांजर नव्हते, आणि वडील पहाटेच प्रार्थनेस गेले होते. आई मूळची मालवणची. लग्न झाले त्या दिवशी तिने मासळी सोडली होती, आणि त्याविषयी ती कधी कुरकुरल्याचे आम्हां भावंडांपैकी कोणास आठवत नाही. ती मोरीपाशी उकिडवी बसली होती आणि चुलीतल्या राखेने हाताची बोटे एकेक करून, फार सावकाश, घाशीत होती.