चौघींचा नकार

आयाबायांनो, मी चार घरची धुणीभांडी करते. म्हणून मला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या मोलकरणी सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात.

१ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. मग कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तोही ३८१ दिवस! मोलकरणी मैल मैल पायी कामावर गेल्या. शेवटी सुप्रीम कोर्टाच्या निकालाने डिसेंबर १९५६ मध्ये बसमधला भेदभाव संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या माणसांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती.

एका घरी माझा कप खिडकीत वेगळा ठेवत. मी म्हटले, "वहिनी, सगळ्यांच्या कपात द्या, नाहीतर चहा नको." काम जाईल याची भीती होतीच. पण त्याच बिल्डिंगमधल्या तिघी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनीही तिथला चहा सोडला. माझे काम टिकले. कप अजून खिडकीतच आहे, पण त्याला कोणी हात लावत नाही.

एकटीच्या नकाराला लोक उद्धटपणा म्हणतात. चौघींच्या नकाराचा विचार करावा लागतो. म्हणून शेजारणीचा अपमान झाला, तर तिला एकटी सोडू नका.

जयभीम!